छपराच्या चार फळ्या

मे महिन्यात मी मुलाकडे एक फळी मागितली होती. हातभर रुंद, पुरुषभर लांब, उन्हात ठेवता येईल अशी. टेक्सासमध्ये ऊन आमच्या बार्शीसारखंच पडतं, पण त्यात काही वाळत घालायची सोय नाही. मागच्या ओट्यावर छत आहे. गवतावर रोज पहाटे आपोआप पाणी उडतं. पुढे गाडी लावायचा सिमेंटचा उतार आहे, तो दिवसभर चांगला तापतो. पण रस्त्यावरून दिसेल असं काहीही वाळत घालायचं नाही, असा कॉलनीचा नियम आहे. तो नियम गिरीशनंच मला वाचून दाखवला होता.

गिरीश माझा मुलगा. इथे प्लेनो गावात टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याची बायको विनीता दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. मी दोन वर्षांपासून त्यांच्याकडे राहते. साबुदाण्याच्या पापड्या मी एकदा ओव्हनमध्ये वाळवून बघितल्या. त्या वाळल्या नाहीत, भाजल्या. म्हणून फळी मागितली. गिरीश म्हणाला, बघतो. मे गेला, जून गेला.

जुलैच्या दुसऱ्या तारखेला, रविवारी संध्याकाळी, गिरीशनं मागच्या अंगणात चार फळ्या आणून ठेवल्या. प्रत्येकीखाली लाकडी घोडे, अंगणातल्या सगळ्यात उन्हाच्या जागी. फळ्यांवर त्यानं काहीतरी खरखरीत ठोकून बसवलं होतं. दोन काळ्या, एक तपकिरी, एक फिकट राखाडी. मी एक मागितली होती, त्यानं चार आणल्या. मी त्याला काही विचारलं नाही. गिरीशला विचारलं की तो समजावून सांगतो आणि त्यात तास जातो. मी आत जाऊन दोन किलो साबुदाणा भिजत घातला.

सोमवारी दोघं कामावर गेल्यावर मी शिजवलेला साबुदाणा घेऊन बाहेर आले. फळ्या तिरक्या होत्या. तिरक्या फळीवर पापडी घातली की ती खाली घसरते, हे गिरीशच्या लक्षात आलं नसणार. मी वाफ्याच्या कडेच्या विटा काढल्या, घोड्यांच्या खालच्या पायांना लावल्या आणि चारही फळ्या सपाट केल्या. वर प्लास्टिक अंथरलं आणि पळीनं पापड्या घातल्या. एका फळीवर तीस, अशा एकशेवीस.

गिरीश सहाला आला आणि टाय न सोडता मागच्या दारात उभा राहिला.

"आई, हे काय आहे?"

"पापड्या."

"ते दिसतंय. इथे का?"

"मग कुठे? फळ्या तूच ठेवल्यास ना."

"त्या तुझ्यासाठी नाहीत. कमिटीचे नमुने आहेत ते. छपराचे." तो खाली वाकला. "आणि उतार कुणी बदलला? मी छपराचा उतार मोजून लावला होता."

"घसरत होत्या."

मग त्यानं समजावून सांगितलं. एप्रिलमध्ये लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या आणि कॉलनीतल्या निम्म्या घरांची छपरं फुटली होती. इथे छपराला कौलं नसतात, शिंगल असतात. शिंगल म्हणजे जाड जाळीला डांबर पाजतात आणि वर बारीक खडी बसवतात. मी हात लावून बघितलं होतंच. तेवीस वर्षं मी बार्शी–परांडा रस्त्यावर डांबराच्या गॅंगमध्ये खडी पसरली. हा रस्ताच होता. आम्ही खाली करायचो, हे लोक डोक्यावर करतात.

शिंगलचे प्रकार असतात. पातळ असते, तिच्या तीन पट्ट्या दिसतात. जाड असते, ती दुहेरी असते, गारांना टिकते आणि तीस वर्षं जाते असं कंपनी सांगते. आणि रंग. कॉलनीच्या नियमात तीनच रंग लिहिलेले होते: काळा, कोळशासारखा आणि गडद तपकिरी. हे तीन रंग अठ्ठ्याऐंशी साली कॉलनी बांधणाऱ्या माणसानं ठरवले. तो थंड भागातला होता. का ठरवले हे कुणाला माहीत नव्हतं.

कॉलनीत कुणी कुठला रंग लावायचा हे ठरवणाऱ्या कमिटीचा गिरीश अध्यक्ष होता. कॉलनीच्या नियमांचं पुस्तक चौऱ्याऐंशी पानांचं आहे. ते पूर्ण वाचलेला माणूस हवा होता, आणि कॉलनीत तो एकच निघाला.

"आपल्या कोपऱ्यावरच्या वॉल्टरनं परवानगी न घेता फिकट शिंगल बसवली," गिरीश म्हणाला. "यादीत नसलेला रंग. एकतीस तारखेच्या आत काढायची नोटीस दिलीय त्याला. त्यानं अपील केलंय. अपील आलं की नमुने चौदा दिवस उन्हात ठेवायचे आणि मग कमिटीनं बघायचं. नियमात आहे म्हणून ठेवलेत."

"बघून काय ठरणार?" मी विचारलं.

"काही नाही. रंग यादीत नाही."

विनीता तेवढ्यात आली होती. तिनं एक अर्धवट वाळलेली पापडी उचलून तोंडात टाकली.

"गिरीश, नमुन्यांवर पापड्या घालू नयेत असं लिहिलंय का रे तुझ्या पुस्तकात?"

गिरीश आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला.

"नाही लिहिलेलं," तो म्हणाला.

"आणि उताराचं?"

"उताराचंही नाही. उतार माझा होता." त्यानं थोडा वेळ फळ्यांकडे बघितलं. "अर्धी फळी तरी मोकळी ठेव आई. रंग दिसला पाहिजे."

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी एका फळीवर पंधराच घालू लागले.

वॉल्टर गुरुवारी संध्याकाळी आला. सत्तरीचा उंच माणूस. पाठवलेली नोटीस त्यानं घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती, ती काढली नाही. दारातच उभा राहिला. गिरीश त्याला आत या म्हणाला, तो म्हणाला इथेच बरं आहे. मी आणि विनीता स्वयंपाकघरात होतो. मला त्याचं इंग्रजी कळत नव्हतं, विनीता हळू आवाजात सांगत होती.

"त्याची बायको लोरेन वरच्या खोलीत असते. श्वासाचं मशीन लावलंय. त्या मशीनचीच एवढी गरमी होते म्हणतोय." विनीतानं गॅस बारीक केला. "गेल्या उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालू ठेवूनही खोली थंड होत नव्हती. म्हणून फिकट लावली. आता तिला दुपारी झोप लागते."

गिरीश काहीतरी म्हणाला.

"हा म्हणतोय, मला वाईट वाटतं, पण परवानगी आधी घ्यायला हवी होती."

वॉल्टर काहीतरी पुटपुटला, ते विनीतालाही नीट ऐकू आलं नाही. मग पुन्हा बोलला.

"छप्पर काढून दुसरं घालायला दोन दिवस लागतात," विनीता म्हणाली. "दोन दिवस वर नुसती फळी आणि ऊन. मशीन खाली नेता येतं, पण तिला जिना उतरवता येत नाही. विचारतोय, त्या दोन दिवसांत तिला कुठे ठेवू."

"गिरीश काय म्हणाला?"

"काही नाही. रविवारी, सोळा तारखेला मीटिंग आहे म्हणाला."

वॉल्टर गेला. गिरीश येऊन ताटावर बसला. विनीतानं त्याला वाढलं, पण भाजी पातेल्यातून अशी वाढली की आवाज झाला.

"यार, मी काय करू," गिरीश म्हणाला. "लिहिलंय ते लिहिलंय. मी एकासाठी बदललं की उद्या कुणीतरी हिरवं छप्पर लावेल."

"लावू दे की. पोपटासारखं दिसेल घर, अजून काय."

"विनीता, प्लीज."

हे त्याला मीच शिकवलं होतं. गिरीश आठ वर्षांचा असताना मुकादमानं माझा एका कागदावर अंगठा घेतला. मला वाटलं हजेरी आहे. ती खुशीनं बदली मागितल्याची चिठ्ठी होती. आठवड्याच्या आत मी गिरीशला घेऊन चाळीस किलोमीटर लांब परांड्याच्या पुढच्या कामावर होते, आणि त्याची शाळा चार महिने बुडाली. त्यानंतर मी रात्रीच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकले. वय छत्तीस होतं. तेव्हापासून आमच्या घरात एकच सांगणं होतं: कागद वाचल्याशिवाय हलायचं नाही, आणि कागदावर आहे त्यापुढे कुणाचं ऐकायचं नाही. पोरानं ते चांगलं लक्षात ठेवलं.

वर्गाच्या बाईंनी तेव्हा आम्हाला रोज दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या. काहीही लिहा, पण त्या दिवशी डोळ्यांनी बघितलेलं लिहा, असं त्या म्हणायच्या. बाई पुढे बदलून गेल्या. दोन ओळी राहिल्या. जुलैमध्ये माझ्या वहीत पापड्याच होत्या, कारण दुसरं काही घडत नव्हतं.

एकाच पातेल्यातला साबुदाणा, एकच पळी, एकाच वेळी घातलेल्या, आणि चार फळ्यांवर चार तऱ्हेच्या पापड्या. मला राग येऊ लागला. सात मराठी घरांनी पापड्या मागितल्या होत्या आणि एकाच डब्यात पांढऱ्या, पिवळ्या, तांबूस अशा भरून द्यायच्या म्हणजे चांगलं दिसत नाही. काळ्या फळ्यांवर साडेदहालाच कडा वळायच्या, अकराला त्या कडा लाल व्हायच्या आणि आत मध्ये अजून ओल असायची. प्लास्टिक मऊ होऊन पापडीला चिकटायचं. जाड काळीवर जरा उशिरा व्हायचं, पण एकदा तापली की ती संध्याकाळी सातलासुद्धा गरम असायची. तपकिरी दोघींच्या मधली. फिकट फळीवर पापड्या तीन वाजेपर्यंत सावकाश वाळायच्या आणि पांढऱ्याशुभ्र निघायच्या.

हे मला नवीन नव्हतं. रस्त्याच्या कामावर चैत्रात बारानंतर आम्ही नव्या डांबरावर पाय द्यायचो नाही, चप्पल राहून पाय वर यायचा. कडेच्या पांढऱ्या मुरमावरून चालायचो. ऊन दोन्हीकडे सारखंच असायचं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. मी पापड्यांचं बघत होते.

गिरीशनं फ्रिजवर एक कागद लावला होता. चौदा रकाने आखलेले, तारखा घातलेल्या. नियमात होतं की अध्यक्षानं नमुने रोज स्वतः पाहून नोंद ठेवावी. त्या पंधरवड्यात त्याच्या ऑफिसात काहीतरी रिलीज होतं. सकाळी सातला जायचा, रात्री जेवायला यायचा. कागद कोरा राहिला. एकदा विनीतानं त्यावर दूध आणायचं लिहिलं. गिरीशनं ते खोडरबरानं पुसलं.

स्वतःच्या छपराचं मात्र त्याचं आधीच ठरलं होतं. कॉम्प्युटरवर त्यानं अकरा प्रकारांचा तक्ता केला होता. वजन, जाडी, गारांची परीक्षा, वाऱ्याची परीक्षा, गॅरंटी. त्यात जाड काळी पहिली आली. ऊन हा रकाना तक्त्यात नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ऊन सगळ्यांना सारखंच आहे ना आई." अर्ज त्यानं स्वतःच स्वतःच्या कमिटीकडे केला होता, आणि मंजूर होऊन आला होता. काळ्या शिंगलचे गठ्ठे गॅरेजमध्ये येऊन पडले होते. कामकरी मंगळवारी येणार होते.

सोळा तारखेला चार वाजता मीटिंग होती. जेवण झाल्यावर गिरीश फ्रिजवरचा कागद काढून टेबलाशी बसला. पेन काढलं आणि पहिल्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मग दुसऱ्यात तेच लिहिलं. मी समोर शेंगा सोलत होते.

"काय लिहितोयस?"

"बदल नाही, असं."

"हा कुठला दिवस?"

"तीन तारीख. आणि ही चार."

"तीन तारखेला बघितल्यास तू फळ्या?"

"तीनला बघितल्या. तूच तर पापड्या घातल्या होत्यास."

"आणि चारला?"

गिरीशनं पेन वर धरलं. "आई, रंग आहे तो. चौदा दिवसांत रंग काय बदलणार आहे? फॉर्मॅलिटी आहे ही."

"बरं," मी म्हटलं. "मग पेन कशाला घेतलंस? अंगठाच उठव."

विनीता भांडी लावत होती, ती थांबली. गिरीश माझ्याकडे बघत राहिला. मी शेंगा सोलत राहिले. मला खरं तर इतकं लागेल असं बोलायचं नव्हतं, पण बोलून झालं होतं.

त्यानं कागदाची घडी केली. दुसरी घडी केली. मग म्हणाला, "तुझ्या वहीत काय आहे?"

"पापड्या आहेत."

"रोजच्या?"

"रोजच्या."

"बघून लिहिलेल्या?"

मी उठले. वही आणून दिली.

चार वाजता मंडळी आली. कमिटीत तीन माणसं होती. एक गिरीश. दुसरी डॉना, घरं विकायचं काम करते, अंगणात आली तीसुद्धा घर विकत घ्यायला आल्यासारखी सगळीकडे बघत. तिसरे मिस्टर कीन. ते विमान चालवायचे, आता ऐकू कमी येतं. वॉल्टर कडेच्या खुर्चीवर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. विनीता माझ्या शेजारी बसून सगळं मराठीत सांगत होती. चार फळ्या समोर होत्या, त्यांच्यावर शेवटच्या साठ पापड्या.

डॉनानं विचारलं की हे गोल काय आहे.

"साबुदाण्याच्या पापड्या," गिरीश म्हणाला. "खायच्या असतात. माझी आई करते."

"हे नमुन्याचा भाग आहेत का?"

गिरीशनं थोडा विचार केला. "चौदा दिवस होत्या," तो म्हणाला. "म्हणजे आहेत."

मग तो उभा राहिला. म्हणाला की नियमाप्रमाणे अध्यक्षानं रोज नोंद ठेवायची असते. ती मी ठेवलेली नाही. पण या फळ्यांची रोज बघून लिहिलेली एक नोंद आहे. ती मराठीत आहे. मी वाचून दाखवतो.

"जी महत्त्वाची असेल तेवढी वाचली तरी चालेल," डॉना म्हणाली.

"नोंद अर्धी वाचता येत नाही," गिरीश म्हणाला.

आणि त्यानं सगळी वाचली. एक ओळ मराठीत मनात, मग इंग्रजीत मोठ्यानं. विनीता मला ते परत मराठीत सांगत होती, त्यामुळे माझं लिहिलेलं मला दोनदा ऐकावं लागलं.

"तीन तारीख. चार फळ्या, एकशेवीस पापड्या. दोन्ही काळ्यांवरच्या अकराला उलटल्या, कडा लाल. तपकिरीवरच्या साडेबाराला, बऱ्या. फिकटवरच्या तीनला, चांगल्या.

"चार तारीख. विनीताला सुट्टी. काळ्यांवरच्या पुन्हा लाल. विनीतानं त्याच पहिल्या खाल्ल्या.

"पाच तारीख. काळ्या पातळ फळीवर प्लास्टिक चिकटलं. सहा पापड्या टाकल्या.

"सहा तारीख. संध्याकाळी सातला चारही फळ्यांना हात लावला. फिकट गार. तपकिरी कोमट. काळी जाड अजून तव्यासारखी. शेजारचा माणूस येऊन गेला. त्याची बायको आजारी."

वॉल्टरनं टोपी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

"सात तारीख. ढग. चारही सारख्या. आठ तारीख. ऊन. काळ्यांवर करपल्या."

"काय झाल्या?" मिस्टर कीन यांनी कानामागे हात धरला.

"करपल्या," गिरीश मोठ्यानं म्हणाला. "जळल्या."

"नऊ तारीख. रविवार. गिरीश घरी होता. फळ्या बघितल्या नाहीत."

डॉनानं काहीतरी लिहायला पेन काढलं होतं, ते तिनं तसंच धरून ठेवलं.

"काय बघितलं नाही?" मिस्टर कीन यांनी विचारलं.

"फळ्या," गिरीश आणखी मोठ्यानं म्हणाला. "अध्यक्ष घरी होते. अध्यक्षांनी फळ्या बघितल्या नाहीत."

पलीकडच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं मशीन बंद केलं.

"दहा तारीख. काळी जाड उचलताना हात भाजला. तूप लावलं. अकरा तारीख. फिकटवरच्या सगळ्यांत चांगल्या. उद्यापासून सगळ्या हिच्यावरच घालाव्यात का? बारा तारीख. तसं केलं नाही. गिरीशच्या फळ्या आहेत, सारख्या वापराव्यात. गिरीशनं आज पण फळ्या बघितल्या नाहीत."

हे त्यानं मिस्टर कीन यांनी न विचारताच मोठ्यानं वाचलं.

तेरा, चौदा आणि पंधराही वाचली. पंधराला मी लिहिलं होतं की पापड्यांचे पाच डबे भरले, त्यात तीन डबे फिकट आणि तपकिरी फळीचे, ते लोकांना द्यायचे, आणि करपलेले दोन घरात खायचे. मग त्यानं वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"नियमात अपीलबद्दल असं आहे," तो म्हणाला, "की उन्हात ठेवलेल्या नमुन्यांच्या नोंदीवरून एखादा रंग या हवेला जास्त योग्य वाटला, तर कमिटी तो यादीत घालू शकते. पान एकसष्ट. हे मला माहीत होतं. पण कॉलनी झाल्यापासूनच्या अठरा वर्षांत कुणी नोंदच ठेवली नव्हती, म्हणून कुणी घातला नाही."

"आणि यंदा आहे," डॉना म्हणाली.

"यंदा आहे. माझी नाही, पण आहे."

विनीता मध्येच उठून आत गेली होती. ती तळलेल्या पापड्यांची दोन ताटं घेऊन आली आणि समोर ठेवली. एकात पांढऱ्या होत्या, एकात तांबूस. डॉनानं दोन्हीतली एक एक खाल्ली आणि तांबूस अर्धी परत ठेवली. मिस्टर कीन दोन्ही खात होते.

हात वर करायची वेळ आली. डॉनाचा वर गेला. मिस्टर कीन यांनी पापडीसकट हात वर केला. गिरीशनं शेवटी केला. दोनच हातांनी काम झालं असतं. तरी त्यानं केला. मग त्यानं फ्रिजवरच्या त्याच कागदाच्या मागच्या बाजूला यादीत चौथा रंग लिहिला, तारीख घातली आणि तिघांच्या सह्या घेतल्या. सही करायच्या आधी त्यानं दोघांना तो मोठ्यानं वाचून दाखवला.

वॉल्टर उठला. खिशातली नोटीस काढून त्यानं गिरीशकडे दिली. गिरीशनं ती घेतली नाही.

"रद्द झाल्याचं पत्र उद्या देतो," तो म्हणाला. "तोपर्यंत ही ठेवा. तुमच्याकडे कागद असायला हवा."

वॉल्टरनं ती पुन्हा खिशात ठेवली. माझ्यापाशी येऊन तो काहीतरी म्हणाला. विनीता म्हणाली, "लोरेन खारट खाऊ शकत नाही, पण एक पापडी तिला दाखवायला नेऊ का, विचारतोय." मी त्याला पांढऱ्यांचा एक डबा दिला.

मंगळवारी सकाळी कामकरी आले आणि आमच्या घरावर जाड काळी शिंगल बसवायला लागले.

विनीता अंगणात उभी राहून वर बघत होती. "गिरीश, अरे परवाच तर तू हात वर केलास."

"आपला अर्ज काळ्याचा मंजूर झालाय. बदलायचा तर नवा अर्ज करावा लागतो. तीस दिवस."

"मग कर ना."

"तीस दिवस छप्पर उघडं ठेवायचं? गारांनी फुटलंय ते. आणि अध्यक्षच स्वतःचा अर्ज लगेच मंजूर करून घेतो, असं दिसेल."

"आता कसं दिसतंय ते बघ."

कॉलनीत त्या उन्हाळ्यात तेवीस घरांची छपरं बदलली. एकोणीस जणांनी फिकट लावली. डॉनानं लावली. मिस्टर कीन यांनी लावली. काळी लावणाऱ्या चौघांत एक आम्ही.

कामकरी दोन दिवस वर होते. इथल्या फॅरनहाइटच्या मापानं एकशे चार डिग्री ऊन होतं, म्हणजे आपलं चाळीस. मी त्यांना दर दोन तासांनी ताक पाठवलं. त्यांच्यातला म्होरक्या मेक्सिकोचा होता, त्यानं पहिलं भांडं वास घेऊन प्यायलं आणि दुसरं मागितलं. तो काळ्या शिंगलवर गुडघ्याखाली उशी घेऊन बसायचा. मी त्याला खालून खूण केली की आधी सावलीकडचं कर, ऊन फिरलं की मग हे कर. त्यानं मान हलवली आणि त्याप्रमाणे केलं. डांबराचं काम करणाऱ्यांना एकमेकांची भाषा लागत नाही.

फळ्या गिरीशनं गॅरेजमध्ये ठेवल्या. फिकट मात्र अंगणातच ठेवली. विटाही तिथेच आहेत, वाफ्याची कड अजून मोकळी आहे.

माझी खोली वर होती, मावळतीकडे. गिरीश म्हणाला, आई तू खाली ये, वर आम्ही जातो. मी नको म्हटलं होतं, पण सामान त्यानं आधीच हलवलं होतं. वरच्या खोलीत त्यानं एक तापमापक लावला. रिलीज संपलं होतं. आता तो साडेपाचला घरी येतो, बूट काढतो आणि माझ्याकडे वही मागतो.

"वरची खोली," तो लिहितो. "साडेपाच वाजता शहाऐंशी." त्याचं मराठी अक्षर बिघडलं आहे. शाळेतल्यासारखं राहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो सोफ्यावरच बसून लिहायला लागला, म्हणाला कालच्याएवढंच असेल. मी वही मिटून घेतली. आता जिना चढून परत उतरल्याचा आवाज आल्याशिवाय मी त्याच्यापुढे पान उघडत नाही.